‘फक्त रेंडर टाकायचाय’
(लेखमाला : मिक्सिंगची खोली, भाग ९)

रहिमतपुरात आजही गिऱ्हाईक फोनवर विचारतं, ‘कॅसेट तयार आहे का?’ कॅसेट जाऊन जमाना झाला, मधे डीव्हीडी येऊन गेली, आता पेनड्राइव्ह आला. शब्द मात्र तोच. आणि आपणही ठोकून देतो, ‘झालंय हो, फक्त रेंडर टाकायचाय.’ या ‘फक्त’मध्ये माझे कितीतरी रविवार गेले आहेत.

मागच्या भागात टाइमलाइन वरातीपर्यंत आणून सोडली होती. घरच्यांनी एकदा बघून ‘बरोबर आहे’ म्हटलं की कापाकापी बंद. त्या टाइमलाइनची प्रत काढायची आणि पुढची डागडुजी प्रतीवर करायची. नावात तारीख घाला. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘फायनल खरं’ या तिन्हींतलं खरं कोणतं, हे चार महिन्यांनी आपल्यालाही सांगता येत नाही.

आता नावं. लग्नाच्या फिल्ममध्ये लोक आधी स्वतःला शोधतात, मग नावं वाचतात. एका आल्याच्या व्यापाऱ्यांच्या घरचं काम होतं. माझ्या मॉनिटरवर नावांची पाटी झकास दिसत होती. त्यांच्या घरी जुना टीव्ही. तो चित्र थोडं फुगवून दाखवायचा आणि चारी बाजूंनी कडा खायचा. डाव्या कडेला नेमकं आत्याबाईंच्या नावाआधीचं ‘सौ.’ होतं. ते गडप! नवरा शेजारी बसलेला असताना आत्याबाईंचं नाव ‘सौ.’शिवाय झळकलं. तेव्हापासून अक्षरं मी चौकटीच्या आतल्या नव्वद टक्क्यांतच ठेवतो. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये सेफ मार्जिनची रेघ असतेच, आपण ती लावत नाही एवढंच.

मराठी अक्षरांचं दुखणं आणखी निराळं. जुने मराठी फाँट आतून इंग्रजी अक्षरांवर बसवलेले असतात. तो फाँट नसलेल्या कॉम्प्युटरवर प्रोजेक्ट उघडला की ‘शुभविवाह’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. म्हणून युनिकोड फाँटच वापरा. प्रीमियरमध्ये वेलांटी भलतीकडे गेली किंवा जोडाक्षर फुटलं, तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये टेक्स्ट इंजिन ‘साउथ एशियन’चं निवडायचं. तरीही रेंडरआधी प्रत्येक पाटी पत्रिकेशी ताडून बघा, आणि तीही दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही.

आवाजात एकच भानगड नेहमीची. मंगलाष्टकं ऐकू यावीत म्हणून आवाज चढवला की वरातीतला बँजो अंगावर येतो. दोन्ही वेगवेगळे बसवा आणि सगळ्यात मोठा ठोकासुद्धा शून्याच्या खाली, उणे १ डेसिबलवर थांबवा. हायलाइट यूट्यूबवर जाणार असेल तर नुसता ढणढणाट करून फायदा नाही. यूट्यूब मोठा आवाज स्वतःच उणे १४ एलयूएफएसच्या आसपास ओढून आणतं. पाहुण्यांच्या मोबाइलवरच्या क्लिपांनाही जपा. मोबाइल सेकंदाला कधी ३० फ्रेम घेतो, कधी २८, आणि आपली टाइमलाइन २५ची. पाच मिनिटांत ओठ आणि शब्द यांची फारकत होते. अशा क्लिपा आधी हँडब्रेकमधून ठरावीक फ्रेमरेटच्या करून घ्याव्या लागतात. टाइमलाइनवर आल्यावर त्यांना सरळ करणं म्हणजे शेपूट धरून बैल वळवणं.

मग रेंडर. इथे थोडं पाढ्यांचं काम आहे, कंटाळू नका. सेकंदाला २० मेगाबिट धरले तर तासाला ७२ हजार मेगाबिट होतात. बाइटमध्ये करायचे म्हणून आठाने भागा, आले ९ जीबी. तीन तासांची फिल्म २७ जीबी. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये ती मावायला हवी. तरी कॉम्प्युटर म्हणतो, फाइल फार मोठी आहे! पेनड्राइव्ह मोकळा, आपण चक्रावलेले, गिऱ्हाईक दारात. कारण असं, की हे पेनड्राइव्ह बहुतेक एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीच्या पुढे जातच नाही. २० मेगाबिटला ही मर्यादा साधारण २८ मिनिटांत भरते. एक्सफॅट केला की फाइल मावते, पण बरेच जुने टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत. मी हळद, लग्न, वरात असे तुकडे करतो आणि ८ मेगाबिटवर उतरतो. मग एक तुकडा ७० मिनिटांपर्यंत चालतो. फुलएचडीला यूट्यूबही अपलोडसाठी ८च मेगाबिट सुचवतं, तेव्हा घरच्या टीव्हीला कमी पडायचं कारण नाही. एच-२६४, एमपी-४, बस्स. एच-२६५मध्ये फाइल लहान होते, पण कुणाच्या घरी चालेल आणि कुणाच्या घरी नुसता आवाज येईल, याचा भरवसा नाही.

ज्या पोरांना शॉर्टफिल्म थिएटरात दाखवायची आहे, त्यांच्यासाठी हा सगळा हिशोब बदलतो. तिथे डीसीपी, म्हणजे डिजिटल सिनेमा पॅकेज, मागतात. चित्र १९९८ बाय १०८०चं किंवा २०४८ बाय ८५८चं, सेकंदाला २४ फ्रेम, प्रत्येक फ्रेम जेपेग-२००० आणि रंगही वेगळ्या मोजपट्टीवर. तो स्वतंत्र भाग होईल.

नाटककार वसंत कानेटकरांचा जन्म आपल्या रहिमतपुरातला, १९२०चा, म्हणून उदाहरणही नाटकाचंच देतो. नाटकवाल्यांची एक रीत मला फार आवडते. पहिल्या प्रयोगाआधी रंगीत तालीम होते. कपडे, दिवे, संगीत, सगळं प्रयोगासारखं, मधे न थांबता. मिक्सिंगवाल्यांकडे तशी रीत नाही. मी ती घातली आहे. रेंडर झालेली फाइल पेनड्राइव्हवर टाकायची, ‘इजेक्ट’ करून मगच काढायची, आणि बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीला लावून सोफ्यावरून पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायची. हातात माऊस नाही, वही-पेन फक्त. टीव्हीवर हळदीचा पिवळा रंग भडक होऊन नवरीचा गाल नुसता पिवळा ठिपका झालेला दिसतो. कुठे काळी एक फ्रेम राहिलेली असते. एकदा सप्तपदीत माझाच आवाज सापडला, ‘दादा, जरा सरका’.

पसंती आल्यावर फुटेज लगेच पुसू नका. प्रोजेक्ट, फुटेज, गाणी, फाँट एकाच फोल्डरात आणून दोन हार्डडिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरात. मग पहिली डिस्क काढून दुसरीवरून प्रोजेक्ट उघडून बघा. लाल पाटीवर ‘मीडिया ऑफलाइन’ आलं, तर एखादी क्लिप अजून डेस्कटॉपवरच पडून आहे.

उरलेले पैसे पेनड्राइव्ह देण्याआधी मागायचे की नंतर, ते पुढच्या भागात.