गृध्रसीची चिकित्सा : शस्त्रकर्म टाळताना काय टाळू नये

कंबरेत उसण भरली, मणक्यात गॅप आला, गादी सरकली, नस दबली. रुग्ण नाना शब्दांत एकच दुःख सांगत असतो. हातात एम.आर.आय.चा लिफाफा आणि मनात शस्त्रकर्माची धास्ती. "वैद्यराज, काहीही करा, पण ऑपरेशन टळू द्या," ही त्याची एकच विनवणी असते. ती बहुतेक वेळा पूर्ण करता येते, हा आपला सर्वांचा अनुभव आहे. मात्र हा आग्रह कोठे थांबवावा, हे प्रस्तुत लेखक स्वतःच्या चुकीतून शिकला.

चाळिशीतील एक टेम्पोचालक डाव्या पायाच्या गृध्रसीसाठी आला होता. स्वेदन आणि योगबस्ती सुरू होती, वेदना उतरणीला लागली होती. पाचव्या दिवशी तो सहज म्हणाला, "लघवी सुटायला फार वेळ लागतो, साफ होत नाही." अपानवैगुण्य समजून मी गोक्षुरादि गुग्गुळ दिला आणि दुसऱ्या दिवशी बोलावले. दुसऱ्या दिवशी त्याचे दोन्ही पाय जड झाले होते, मूत्राशय फुगले होते आणि गुदभागी स्पर्श कळत नव्हता. त्याला तत्काळ रुग्णालयात पाठविले. त्याच रात्री शस्त्रकर्म झाले. आज तो चालतो, परंतु मूत्रवेगावरील पूर्ण ताबा त्यास पुन्हा मिळालेला नाही. मी प्रश्न विचारला नाही म्हणून एक दिवस वाया गेला.

शास्त्रविचार

चरकांनी वातव्याधिचिकित्सेत स्फिक्, कटी, पृष्ठ, ऊरू, जानू, जंघा आणि पाद असा वेदनेचा क्रम सांगितला आहे. वातज व वातकफज हे भेदही केले आहेत. स्तंभ, रुजा, तोद व स्पंदन ही वातज लक्षणे; तंद्रा, गौरव व अरोचक यांची जोड मिळाली की कफानुबंध जाणावा. टाच व बोटांकडे जाणाऱ्या कंडरा वाताने पीडित झाल्या की पाय वर उचलणे अडते, असे सुश्रुतांचे निरीक्षण आहे. रुग्णास उताणे निजवून पाय सरळ उचलण्याची जी परीक्षा आपण लासेगच्या नावाने करतो, तिच्याशी हे निरीक्षण जुळते.

आधुनिक वैद्यकात मिक्स्टर व बार यांच्या 1934 मधील निबंधापासून चकतीचे सरकणे आणि पायात उतरणारी कळ यांचा संबंध सर्वमान्य झाला. त्यानंतर दीर्घकाळ चकती हीच आरोपी मानली गेली.

चित्र म्हणजे रोग नव्हे

2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात पाठदुखी नसलेल्या 3110 व्यक्तींच्या पाठीच्या कण्याच्या प्रतिमांचा विचार केला होता. चकतीची झीज विशीतील 37 टक्के व ऐंशीतील 96 टक्के निरोगी व्यक्तींमध्ये दिसली. चकतीचा फुगवटा विशीतही 30 टक्के व्यक्तींत होता. म्हणून अहवालातील शब्दांवर नव्हे, तर अहवाल, वेदनेचा मार्ग आणि प्रत्यक्ष परीक्षा यांच्या मेळावर निदान ठरवावे. रुग्णाने 'गॅप' या शब्दाची घेतलेली भीती दूर करणे हाही चिकित्सेचा भाग आहे.

सरकलेल्या चकतीचा भाग अनेकदा शरीर स्वतःच शोषून घेते. नेदरलँड्समधील 2007 च्या अभ्यासात सहा ते बारा आठवडे तीव्र गृध्रसी असलेल्या 283 रुग्णांचे दोन गट केले गेले. लवकर शस्त्रकर्म झालेल्यांना आराम लवकर मिळाला. परंतु वर्षाअखेर दोन्ही गटांत सुमारे 95 टक्के रुग्ण बरे झाले होते. थांबलेल्या गटातील 39 टक्के रुग्णांना मात्र अखेर शस्त्रकर्म करावे लागले, हेही रुग्णास प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. वेदना असह्य असून आठवडे लोटूनही उतरत नसेल, तर शस्त्रकर्म हा आपला पराभव मानू नये.

चिकित्साक्रम

प्रथम साम-निराम विवेक करावा. गौरव, अरोचक, जिभेवर लेप आणि स्तंभ असता आरंभीच तैल चोळू नये; लंघन, पाचन, शुंठीसिद्ध जल आणि वालुका पोट्टलीने रूक्ष स्वेद द्यावा. आमपाचन झाल्यावर कोष्ठ पाहून एरंडस्नेहाने मृदू अनुलोमन करावे.

निराम वातज अवस्थेत सहचर तैल किंवा महानारायण तैलाने अभ्यंग, निर्गुंडी व एरंडपत्रांचा पत्रपोट्टली स्वेद आणि कटिबस्ती उपयुक्त ठरते. तथापि पक्वाशय हे वाताचे स्थान असल्याने बस्ती हीच मुख्य चिकित्सा. आठ बस्तींच्या योगबस्तीत एरंडमूलादि निरूहाची योजना करता येते. आभ्यंतर औषधांत रास्नासप्तक क्वाथ, त्रयोदशांग गुग्गुळ व पारिजातकाच्या पानांचा काढा यांचा अवस्थेनुसार विचार व्हावा. अग्निकर्म व सिरावेध शास्त्रोक्त असले तरी ते सराव असलेल्या वैद्यानेच करावेत.

दोन सूचना विशेष महत्त्वाच्या. मधुमेही रुग्णाच्या पायाची संवेदना तपासल्याखेरीज स्वेदन करू नये. भाजल्याचे त्यास कळत नाही. दुसरे असे की, दीर्घ शय्याविश्रांती सांगू नये. 1986 मध्ये डेयो व सहकाऱ्यांनी दोन दिवस व सात दिवस विश्रांतीची तुलना केली. दोन दिवसांची विश्रांती पुरेशी ठरली आणि ते रुग्ण कामावरही लवकर परतले. वेदना सोसेल तितके चालणे व हळूहळू वाढवलेला व्यायाम हे पथ्य समजावे.

तत्काळ पाठवावे असे रुग्ण

मूत्रप्रवृत्ती अडणे किंवा नकळत होणे, मलवेगावरील ताबा सुटणे, जननेंद्रिय व गुदाभोवतीचा भाग बधिर होणे, दोन्ही पायांत दौर्बल्य येणे, ही कौडा इक्वायना या मज्जातंतूंच्या जुडग्यावरील दाबाची लक्षणे आहेत. येथे तास मोजावे लागतात. पाऊल लुळे पडणे, पायाची शक्ती दिवसेंदिवस घटणे, पडल्यानंतर सुरू झालेली वेदना, ज्वर, वजन घटणे, रात्री न थांबणारी कळ आणि कर्करोगाचा पूर्वेतिहास यांचाही शोध घ्यावा. आपल्या देशात मणक्याचा क्षय विसरून चालणार नाही. तरुण रुग्णास पहाटे आखडणे आणि हालचालीने बरे वाटणे असे दीर्घकाळ होत असेल, तर सांध्यांच्या तज्ज्ञाचे मत घ्यावे.

औषधी विक्रेत्यांसाठी

कित्येक रुग्ण वैद्याआधी दुकानात येतात. तैलाची बाटली देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : लघवी-शौचाचा ताबा ठीक आहे ना? पायातली ताकद कमी झाली आहे का? ताप किंवा वजन घटण्याचा त्रास आहे का? एकाही उत्तराने शंका आली, तर ग्राहकास विक्रीपूर्वी वैद्याकडे वळवावे. कुचला किंवा वत्सनाभ असलेली योगौषधी अनुसूची ई(1) मधील द्रव्यांची असल्याने वैद्याच्या देखरेखीविना देऊ नयेत.

बिनलेबलच्या पुड्या व "दोन दिवसांत उतार" देणाऱ्या गोळ्या दुकानात ठेवूच नयेत. अशा औषधांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. दीर्घ सेवनाने हाडे ठिसूळ होऊन मणकाच मोडू शकतो; म्हणजे ज्या दुःखावर औषध घेतले, तेच वाढते. अशी गोळी महिनोन्महिने घेणाऱ्यास ती एकदम बंद करण्यास सांगू नये. त्यासही धोका असतो. त्यास तज्ज्ञाकडे पाठवावे.

शस्त्रकर्माविना बरे झालेले रुग्ण आपल्या शास्त्राची कीर्ती वाढवितात. परंतु ज्याला वेळेवर शस्त्रकर्मासाठी पाठविले, तोही आपलाच रुग्ण होय. त्या टेम्पोचालकानंतर माझ्या रुग्णपत्रकात कटिशूलाच्या प्रत्येक नोंदीखाली मूत्र, मल, स्पर्श व शक्ती ही चार रकाने छापली आहेत. ते रोज भरले जातात, चिकित्सा चालू असतानाही. आपल्या पत्रकातही ते असावेत, अशी विनंती आहे.