थंड पाण्याची मासळी आणि आपलं ताट



थंडीच्या दिवसांत खोबरेल तेलाची बाटली पाहा. तेल थिजून घट्ट होतं, बाटली उन्हात ठेवावी लागते. जवसाचं तेल मात्र तसंच पातळ राहतं. प्रत्येक स्निग्ध पदार्थाची घडण निराळी असते, म्हणून असं होतं.

आता हिमालयातल्या नद्यांचा विचार करा. बर्फ वितळून आलेलं ते पाणी! त्यात राहणाऱ्या माशाच्या अंगातली चरबी खोबरेलासारखी थिजली तर तो जगेल कसा? म्हणून असेला, ट्राउट अशा थंड पाण्यातल्या माशांच्या अंगात न थिजणारी चरबी जास्त असते. तिला ओमेगा-३ म्हणतात. तिचं मूळ पाण्यातल्या शेवाळात आहे. शेवाळ किडे खातात, किडे मासा खातो आणि अशी ती माशात येते.

माणसाला उपयोग काय?

पोटातल्या बाळाच्या मेंदूच्या आणि डोळ्यांच्या वाढीला ही चरबी लागते. मोठ्या माणसांच्या हृदयालाही ती हितकारक आहे. १०० ग्रॅम ट्राउटमध्ये साधारण २० ग्रॅम प्रथिने आणि पाऊण ग्रॅमच्या आसपास ओमेगा-३ मिळतं. शिवाय ड जीवनसत्त्व मिळतं, जे फार थोड्या अन्नात असतं. आणि रक्तवाढीला लागणारं बी-१२ सुद्धा. मात्र मासळी हे अन्न आहे, औषध नव्हे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या तिच्या भरवशावर बंद करू नका.

मग आपल्या शेततळ्यात ट्राउट सोडावा का?

नाही. ट्राउट मूळचा परदेशी. १९०० च्या सुमारास त्याची अंडी विलायतेहून काश्मिरात आणली गेली आणि तिथल्या पाण्यात तो रुजला. त्याला १० ते १८ अंश तापमानाचं, वाहतं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. पाणी २० अंशांच्या वर गेलं की त्याचे हाल सुरू होतात. आपल्याकडे चैत्र-वैशाखात शेततळ्याचं पाणी कुठल्या कुठे तापतं! तेव्हा "ट्राउटचं बीज देतो" असं कुणी सांगत आलं तर पैसे घालवू नका. आपल्या तळ्याला कटला, रोहू, मृगळच बरे. त्यांत ओमेगा-३ कमी असलं, तरी प्रथिने आणि बी-१२ चांगलं मिळतं. बोटुकली घेण्याआधी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून घ्या.

ओमेगा-३ आपल्याला कुठून मिळेल?

आपल्या कोकण किनाऱ्याच्या बांगड्यात आणि तारलीत ते भरपूर असतं. समुद्रातल्या बारीक वनस्पतींपासून ते या माशांत येतं. बाजारात तारली स्वस्त, म्हणून तिला हलकी समजू नका. आठवड्यातून दोन वेळा अशी मासळी ताटात आली तर उत्तम. गरोदर बाईच्या आणि लेकरांच्या वाट्याला ती आधी यावी, उरलीसुरली नव्हे.

माळकरी मंडळींनी जवसाची चटणी रोज खावी. तिच्यातलं ओमेगा-३ निराळ्या प्रकारचं असतं. आपलं शरीर त्यातला थोडाच भाग माशासारख्या ओमेगा-३ मध्ये बदलतं. तरी ती खाणं फायद्याचंच.

लक्षात ठेवा

१. जवसाचं तेल लवकर खवट होतं, तशीच ही चरबीही. मासळी ताजीच घ्या. डोळे चकचकीत, कल्ले लाल आणि बोटाने दाबलेलं मांस पुन्हा वर येणारं असावं.

२. घरी नेईपर्यंत मासळी बर्फात ठेवा.

३. फार तळण्यापेक्षा कालवण करा. माशाची सुटलेली चरबी रश्श्यात उतरते, ती भाकरीबरोबर पोटात जाते.

४. बारीक मासळी नीट शिजवून, चावून काट्यांसकट खाल्ली तर हाडांना चुनाही मिळतो. लहान मुलांना मात्र काटे काढूनच द्या.

डोंगरचा मासा डोंगरातच राहू द्या. त्याचा गुण आपल्या बाजारातल्या टोपलीतही आहे.