अटलांटिक भिंतीचे बंकर आणि कॅमेरा
दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने नॉर्वेपासून स्पेनच्या सीमेपर्यंत समुद्रकिनाऱ्यावर काँक्रीटचे हजारो बंकर उभारले; हीच अटलांटिक भिंत. युद्धानंतर ते ओस पडले. फ्रेंच विचारवंत पॉल व्हिरिलियो यांनी १९५८ ते १९६५ या काळात त्यांची कृष्णधवल छायाचित्रे काढली. १९७५ मध्ये या छायाचित्रांचे पुस्तक निघाले.

खाऱ्या हवेतले क्लोराइड काँक्रीटमध्ये झिरपले की आतल्या सळया गंजतात, गंज फुगतो आणि वरचा थर ढलप्यांनी सुटतो. पायाखालची वाळू वाहून गेल्यास अख्खा बंकर कलंडतो. छायाचित्र काढताना ही पडझड तिरप्या उन्हात उठून दिसते. भर दुपारी सारे सपाट भासते. बंकरच्या आत अंधार असल्याने ट्रायपॉड आणि दीर्घ एक्स्पोजर हवेच. फ्लॅशने चित्रातली खोली हरवते, तो टाळलेलाच बरा. झरोक्याचा झगझगीत उजेड मात्र वेगळ्या एक्स्पोजरने टिपून नंतर जोडावा लागतो.