खांदेदुखी : शस्त्रक्रियेची घाई नको!

रायपूर-बिलासपूर रस्त्यावरचे सिलतरा म्हणजे स्पंज आयर्न आणि पोलादाच्या कारखान्यांचा पट्टा. हात उंचावून ओझी उचलण्याच्या कामात खांदा दुखावतो, तसाच तो माळ्यावरचे जड डबे काढणाऱ्या गृहिणीचाही दुखावतो.

खांद्याच्या सांध्याभोवती ४ स्नायूंच्या कंडरांचे वेष्टन असते. त्याला ‘रोटेटर कफ’ म्हणतात. वयोमानाने किंवा सततच्या ताणाने या कंडरा झिजतात, कधी फाटतातही. मग वेणी घालताना कळ येते, त्या कुशीवर झोपवत नाही.

पण घाबरू नका. पुष्कळ रुग्णांना शस्त्रक्रियेविना आराम पडतो. कळ आणणारी कामे काही दिवस टाळा. मात्र हात गळ्यात बांधून ठेवू नका, सांधा आखडतो. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्या आणि काही आठवडे नेटाने करा.

ब्रिटनमधील ७०८ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. एकदाच नीट शिकून घरी व्यायाम करणाऱ्यांना वर्षअखेरीस जवळजवळ तेवढाच गुण आला, जेवढा तज्ज्ञाकडे सहा वेळांपर्यंत जाणाऱ्यांना. स्टिरॉइडच्या इंजेक्शनचा फायदा टिकाऊ ठरला नाही. रोजंदारी बुडवून खेटे घालणे ज्यांना परवडत नाही, त्यांना हा मोठाच दिलासा!

पडल्यावर हात एकाएकी उचलेनासा झाला, तर मात्र दिवस घालवू नका. तेव्हा शस्त्रक्रिया लागू शकते. खांद्याबरोबर छातीत दुखून घाम फुटला, तर तडक रुग्णालय गाठा.