पांढरी दोनचा काफी

जॅझ ऐकायचं आहे, पण सुरुवात कुठून करू, असं विचारणाऱ्याच्या हाती बहुतेक वेळा इतिहास दिला जातो. आधी न्यू ऑर्लिन्स, मग शिकागो, मग लुई आर्मस्ट्राँग, ड्यूक एलिंग्टन, चार्ली पार्कर... चार-पाच तबकड्या झाल्या की बिचाऱ्याचा उत्साह मावळतो. माझं मत असं, की एकच साल घ्यावं, १९५९, आणि त्या साली अमेरिकेतल्या स्टुडिओंत जे वाजलं त्यातलं मोजकं तेवढं ऐकावं. बाकीचा इतिहास त्यातून हळूहळू सापडत जातो.

मागचं थोडं सांगायला हवं. जॅझमध्ये आधी ठरलेलं कमी आणि जागच्या जागी सुचलेलं जास्त. सगळे मिळून एक धून वाजवतात, मग एकेक वादक पुढे येऊन आपला विस्तार करतो आणि शेवटी सगळे पुन्हा धुनेवर येतात. १९२५ ते १९२८ या काळात आर्मस्ट्राँगनं आपल्या 'हॉट फाइव्ह' आणि 'हॉट सेव्हन' या ताफ्यांबरोबर जी ध्वनिमुद्रणं केली, त्यांनी हा एकट्याचा विस्तार जॅझचा कणा केला. तेव्हापासून प्रत्येक पिढीला एकच प्रश्न पडत आला आहे: जागच्या जागी रचायचं, तर धरायचं काय?

चाळीसच्या दशकात चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी यांनी जे उत्तर दिलं, ते 'बीबॉप' या नावानं ओळखलं जातं. त्यात धरायची ती कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांचा गुच्छ. धुनेखाली पियानोवर कॉर्डची एक साखळी चाललेली असते आणि दर दोन-चार मात्रांना कॉर्ड बदलते. वादकानं प्रत्येक कॉर्डशी जमणारे स्वर घेत, भन्नाट लयीत, शिवाय काहीतरी अर्थपूर्ण म्हणत पुढे जायचं. पार्करला ते जमायचं. तो १९५५ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेला आणि मागे त्याच्या नकलांचं पीक उरलं. पन्नासचं दशक संपता संपता अनेकांच्या वादनाला परीक्षेतल्या उत्तराची कळा आली होती.

माइल्स डेव्हिस कोवळ्या वयात पार्करच्या ताफ्यात ट्रम्पेट वाजवत होता. ही शर्यत त्यानं आतून पाहिली होती आणि तो तिला कंटाळला होता. २ मार्च १९५९ रोजी तो न्यू यॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावरच्या कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत आला. एका जुन्या चर्चमध्ये थाटलेला हा स्टुडिओ त्याच्या घुमाऱ्यासाठी नावाजलेला होता. सोबत जॉन कोल्ट्रेन आणि कॅननबॉल अ‍ॅडर्ली हे दोन सॅक्सोफोनवाले, डबल बासवर पॉल चेंबर्स, ड्रमवर जिमी कॉब आणि पियानोला बिल एव्हान्स. एका ब्लूजपुरता पियानोला विंटन केली बसला. माइल्सनं पूर्ण लिहिलेल्या रचना आणल्याच नव्हत्या, नुसते आराखडे आणले होते. त्या दिवशी तीन आणि २२ एप्रिलला आणखी दोन, अशा पाच रचना मुद्रित झाल्या. १७ ऑगस्टला तबकडी बाजारात आली. तिचं नाव 'काइंड ऑफ ब्लू'.

हिच्यातली पहिली रचना 'सो व्हॉट'. मराठी वाचकाला ती समजावून सांगणं अमेरिकन वाचकापेक्षा सोपं आहे, कारण आपल्याकडे घरोघरी पेटी असते. पेटीवर पांढरी दोनचा सा धरा आणि काफी थाटाचे स्वर घ्या, म्हणजे ग आणि नी कोमल, बाकी शुद्ध. त्रितालाच्या हिशेबानं चार आवर्तनं एवढ्याच स्वरांत राहायचं. मग सा उचलून काळी दोनवर ठेवायचा आणि दोन आवर्तनं तिथला काफी. मग परत पांढरी दोन, दोन आवर्तनं. संपलं. 'सो व्हॉट'चा सगळा आराखडा एवढाच आहे. हा काफी थाट आहे, काफी राग नव्हे. इथे चलन नाही, वादी-संवादी नाहीत. पाश्चात्त्य संगीतात या सप्तकाला 'डोरियन' म्हणतात. पण दर दोन मात्रांना बदलणाऱ्या कॉर्डच्या जागी चौसष्ट मात्रा एकच सप्तक मिळालं की वादकाचं काय होतं, हे रागदारी ऐकणाऱ्याला वेगळं सांगायला नको. त्याला थांबायला जागा मिळते, आणि पळून लपायला जागा उरत नाही.

सुरुवातीला पियानो आणि बास बेतालात काहीतरी शोधत असल्यासारखे वाजतात. मग बास धून सांगतो आणि बाकीचे दोनच आघातांत तिला होकार देतात. पहिला विस्तार माइल्सचा. त्यात स्वरांइतकीच शांतता आहे. त्याच्या मागोमाग कोल्ट्रेन येतो आणि ती सगळी शांतता भरून टाकतो. मग अ‍ॅडर्लीचा प्रसन्न, खेळकर सॅक्सोफोन. शेवटी एव्हान्स, तुटक आणि मोजकं वाजवत. तीच आठ आवर्तनं आणि तेच स्वर, पण चार माणसं चार स्वभाव घेऊन येतात. जॅझ का टिकलं, याची मीमांसा करणारी जाडजूड पुस्तकं आहेत. मला ही नऊ मिनिटं पुरतात.

या तबकडीला अमेरिकेत २०१९ मध्ये 'पाच वेळा प्लॅटिनम' हे प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे पन्नास लाख प्रतींचं. त्याआधी २००९ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहानं ४०९ विरुद्ध शून्य मतांनी तिचा गौरव केला होता. दुसऱ्या कुठल्या विषयावर तिथे असं एकमत होत असेल, असं वाटत नाही. एक गंमत मात्र फार वर्षं ध्यानात आली नव्हती. २ मार्चला स्टुडिओतलं एक टेप यंत्र किंचित हळू चालत होतं. त्यामुळे त्या टेपवरून निघालेल्या तबकडीची पूर्ण पहिली बाजू मूळ स्वरापेक्षा थोडी चढी वाजायची. ही चूक १९९२ च्या आवृत्तीत सुधारली. तोवर तीस वर्षं जगभरचे विद्यार्थी तिच्याबरोबर वाजवताना आपलीच वाद्यं बेसूर समजत आले असणार.

तबकडी निघाल्यावर आठच दिवसांनी, २५ ऑगस्टच्या रात्री, माइल्स 'बर्डलँड' या क्लबबाहेर सिगरेट ओढत उभा होता. एका गोऱ्या बाईला त्यानं नुकतंच टॅक्सीत बसवून दिलं होतं. पोलिसानं त्याला तिथून हलायला सांगितलं. मी इथेच वाजवतो, असं म्हणत त्यानं क्लबच्या दर्शनी पाटीवरचं आपलं नाव दाखवलं. डोक्यात लाठी बसली आणि पांढरा कोट रक्तानं भिजला. पुढे खटल्यातून तो सुटला. त्याच्याही आधी, १७ जुलैला, गायिका बिली हॉलिडे गेली, चव्वेचाळिसाव्या वर्षी, न्यू यॉर्कच्या रुग्णालयात. अमली पदार्थ बाळगल्याबद्दल तिला खाटेवरच अटक झाली होती आणि खोलीबाहेर पहारा होता. ज्या देशात हे घडत होतं, तोच देश जॅझवाल्यांना सरकारी खर्चानं जगभर पाठवून आपल्याकडच्या स्वातंत्र्याची जाहिरात करत होता.

तसाच एक दौरा पियानोवादक डेव्ह ब्रुबेकचा. १९५८ मध्ये तो चौकडी घेऊन युरोपातून तुर्कस्तानमार्गे भारतात आला. मुंबईत सतारवादक उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर त्यानं वाजवलं. मद्रासमध्ये मृदंगम ऐकून त्याचा ड्रमवादक जो मोरेलो थक्क झाला. इस्तंबूलच्या रस्त्यावर ऐकलेला २+२+२+३ असा नऊ मात्रांचा ठेका ब्रुबेकच्या डोक्यातून जाईना. जॅझला तोवर चारच मात्रांची सवय होती. १९५९ च्या उन्हाळ्यात, 'काइंड ऑफ ब्लू'च्याच स्टुडिओत, त्यानं 'टाइम आउट' मुद्रित केली. तिच्यात तो नऊचा ठेका आहे, आणि सॅक्सोफोनवादक पॉल डेझमंडनं रचलेलं पाच मात्रांचं 'टेक फाइव्ह'ही. धरायला ताल घ्या, हे ब्रुबेकचं उत्तर. यावर कोणी नाचणार नाही, अशी कंपनीला धास्ती होती. प्रत्यक्षात 'टेक फाइव्ह' दहा लाखांवर खपलं. डेझमंडनं मृत्युपत्रात त्याचं मानधन अमेरिकन रेडक्रॉसच्या नावे केलं. आपल्या कानांना तीन-दोनचे तुकडे परके नाहीत, झपताल त्यातूनच होतो, म्हणून ही रचना इथे चटकन आवडते. खरं सांगायचं, तर ब्रुबेकचं स्वतःचं पियानोवादन मला जरा जड वाटतं. तबकडी तरंगते ती डेझमंडमुळे.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तर कमाल झाली. 'काइंड ऑफ ब्लू'चं दुसरं मुद्रण आटोपून पंधरा दिवसही झाले नव्हते आणि कोल्ट्रेन नेमकं उलटं काम करत होता. 'जायंट स्टेप्स'मध्ये त्यानं कॉर्ड इतक्या वेगानं आणि इतक्या लांब उड्या घेत बदलल्या, की टॉमी फ्लॅनागनसारखा कसलेला पियानोवादक आपल्या विस्तारात अडखळला. ते अडखळणं तबकडीवर तसंच ठेवलं आहे. बीबॉपचं गणित त्यानं टोकाला नेलं आणि मग पुढची काही वर्षं एकाच सप्तकात ध्यान लावल्यासारखा वाजवत राहिला. १९६१ मध्ये त्यानं 'इंडिया' नावाची रचना केली, आणि १९६५ मध्ये जन्मलेल्या मुलाचं नाव पंडित रविशंकरांवरून रवी ठेवलं. रवी कोल्ट्रेन आज स्वतः नामवंत सॅक्सोफोनवादक आहे.

१९५९ च्या मेमधल्या त्याच आठवड्यात बासवादक चार्ल्स मिंगसनं 'मिंगस आह अम' या तबकडीला हात घातला. शाळेत काळ्या मुलांना येऊ न देणाऱ्या आर्कान्सॉच्या गव्हर्नर फोबसची त्यात वाजवून टर उडवली आहे. कंपनीनं शब्द गाळायला लावले, पण उपहास ऐकू यायचा तो येतोच. त्याच महिन्यात, २२ मे रोजी, हॉलिवूडमध्ये ऑर्नेट कोलमननं प्लास्टिकच्या सॅक्सोफोनवर पियानोशिवाय वाजवून, काहीच धरू नका, असं सांगून टाकलं. नोव्हेंबरमध्ये तो न्यू यॉर्कच्या 'फाइव्ह स्पॉट'मध्ये वाजवू लागला तेव्हा जॅझवाल्यांतच दोन तट पडले. त्याचं 'लोन्ली वुमन' ऐकल्यावर तो वाद निरर्थक वाटतो. ती रचना रडवते.

सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्सनं त्याच वर्षी वाजवणंच थांबवलं. कीर्तीच्या शिखरावर असताना त्यानं मैफली सोडल्या आणि न्यू यॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन दोन वर्षं रियाझ केला. पुढे साठच्या दशकाच्या अखेरीस त्याला पुन्हा अस्वस्थ वाटू लागलं, तेव्हा तो काही महिने पवईच्या आश्रमात राहिला. आणि १९७८ मध्ये निरंजन झवेरी यांनी मुंबईत पहिली 'जॅझ यात्रा' भरवली, तेव्हा धोबी तलावाच्या रंगभवनात तो वाजवायला आला.

मुंबईला जॅझ त्याच्याही कितीतरी आधी ठाऊक होतं. तिसच्या दशकात ताजमहाल हॉटेलात काळ्या अमेरिकन वादकांचे ताफे वाजवत होते आणि गोव्याहून आलेले वादक त्यांच्याकडून उचलत होते. हळदोण्याचे आंतोनियो शावियेर वाझ ट्रम्पेटवर आर्मस्ट्राँगची आठवण करून देत आणि 'चिक चॉकलेट' या नावानं ओळखले जात. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, यांच्या स्टुडिओत तेच वाजवत. १९५१ च्या, भगवानदादांच्या 'अलबेला'त तर चिक आपल्या ताफ्यासह पडद्यावरही दिसतात. मराठी घरांत जॅझ परकं वाटतं, पण त्याचा ठेका या वाटेनं केव्हाच येऊन बसला आहे. ओळख करून द्यायची राहिली, एवढंच.

ती या दिवाळीत करून घ्या. 'सो व्हॉट' लावा, पेटी उघडा, पांढरी दोनचा सा धरा आणि आवर्तनं मोजत काळी दोनवर जाऊन परत या. मागे गप्पा चालू असताना लावू नका. आणि घरात जुनी एलपी असली तरी या कामासाठी १९९२ नंतरचीच आवृत्ती घ्या, नाहीतर पेटी जुळणार नाही.