दाराचा सांधा आधी पाहा

गेल्या पावसाळ्यात आमच्या मागच्या दाराने मान टाकली. खालची कड उंबऱ्याला घासू लागली. कडी लावायची तर दार दोन्ही हातांनी उचलावं लागे. रंधा मारून घेतला, महिनाभरात पुन्हा तेच. शेवटी अब्बांनी ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी दार उतरवलं, कोपरा हलवून पाहिला. "लाकूड चांगलं आहे," म्हणाले, "कुसू आखूड ठेवलंय."

आडव्या पट्टीच्या टोकाला जी जीभ कापतात ते कुसू. उभ्या पट्टीतल्या खाचेत ते बसतं. उघड्या दाराचं वजन बिजागऱ्यांपासून दूर, खाली ओढत असतं. ते पेलायचं या सांध्यानेच. नुसते खिळे फार दिवस साथ देत नाहीत.

चार इंची उभ्या पट्टीत आमचं कुसू जेमतेम इंचभर शिरलेलं होतं. मिस्त्रींनी आडव्या पट्ट्या नव्या, लांब घेतल्या आणि कुसू आरपार नेलं. जाडी पट्टीच्या साधारण एक तृतीयांश. जास्त ठेवली तर खाचेच्या भिंती चिरतात, कमी ठेवली तर कुसूच मोडतं. पटाशी त्यांनी अर्धी एका बाजूने चालवली, उरलेली दुसऱ्या बाजूने, नाहीतर बाहेरच्या तोंडाला ढलपा उडतो. बाहेरचं तोंड किंचित रुंद ठेवून कुसवाच्या दोन्ही कडांना पाचरी ठोकल्या. टोक असं रुंदावलं की ते मागे सरकत नाही.

खालची पट्टी नऊ इंच रुंद. तिथे एक मोठं कुसू न ठेवता दोन ठेवली, मध्ये लाकूड सोडून. पावसाळ्यात लाकूड रुंदीला फुगतं, लांबीला जवळजवळ नाही. म्हणूनच मधल्या फळ्याही खोबणीत सैल हव्यात. आमच्या आधीच्या सुताराने त्या सरस लावून घट्ट चिकटवल्या होत्या आणि आम्ही त्यालाच मजबुती समजून खूश होतो!

नवं दार करून घेणार असाल, तर रंग-पॉलिश होण्याआधी एकदा जाऊन या. आरपार कुसू असेल तर दाराच्या कडेला त्याचं टोक आणि पाचरी दिसतात. बिजागरी मात्र नेमकी त्या टोकावर येऊ देऊ नका, तिथे स्क्रू नीट धरत नाही.

जुन्या पट्ट्या अम्मीने चुलीत घालू दिल्या नाहीत. मिस्त्रींनी जाता जाता त्यांचं एक छोटं स्टूल ठोकून दिलं.