पांढरीची घरं

बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यात, एका गावाचं नावच गढी आहे. इतकी ही वास्तू इथल्या मुलखात मुरलेली. तरी इतिहासात मान मिळतो तो १५६७च्या धारूरच्या किल्ल्याला. बुरूज आणि देवडी पाहून गढीलाही किल्ल्याचं धाकटं भावंड समजतात, आणि मग ती दुबळी ठरतेच. पण गढी हे मुळात घर आहे. देशमुख-पाटलांचं बिऱ्हाड, दप्तर आणि धान्य एका कोटात राखणारं. आत शिरलं की ढाळज, मग चौक, सोपे, भिंतीत बळद, जमिनीत पेव. हा सगळा थाट नांदण्याचा. इंग्लंडात लिंकनशायरमधल्या टॅटरशॉलला राल्फ क्रॉमवेलनं पंधराव्या शतकात विटांचा टोलेजंग बुरूज बांधला, तोही असाच: रूप किल्ल्याचं आणि भिंतीत मोठमोठ्या खिडक्या. धाक शत्रूला कमी, पाहुण्याला जास्त.

गढीचं खरं कसब मातीत आहे. आपल्याकडे काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे गावठाण. काळी पावसात फुगते, उन्हात भेगाळते; तिची भिंत टिकत नाही. पांढरीनं पिढ्यान्‌पिढ्यांची राख, चुनखडी आणि पडक्या घरांचा चुरा पचवलेला, म्हणून ती मुकाट राहते. खाली काळ्या दगडाचे थर, वर पांढरीचे नाहीतर चपट्या विटांचे बुरूज. घरांवर माळवद: तुळया, कड्या, किलचा आणि त्यावर पुन्हा पांढरीच. कोकणात हे छप्पर एका आषाढात वाहून जाईल. बीडच्या बेताच्या पावसात ते पिढ्या काढतं. फक्त दर उन्हाळ्यात माती चढवायची आणि पन्हळ मोकळी ठेवायची.

३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीच्या भूकंपात माळवदाची घरंच माणसांवर कोसळली, हा आक्षेप झटकून टाकता येणार नाही. तिथल्या जाड भिंती बहुतांशी मातीत बसवलेल्या ओबडधोबड दगडांच्या होत्या. आतली-बाहेरची बाजू बांधून ठेवणारा आरपार दगड त्यांत नव्हता. वर मातीचा थर वर्षानुवर्षं वाढत गेलेला. म्हणजे माती चढवण्याची जी रीत वर सांगितली, तीच जुनी माती न खरवडता पाळली की जिवावर उठते. पण हे दोष बांधणीचे आणि हाताळणीचे आहेत, आणि ते दुरुस्त होऊ शकतात.

गढ्या खचल्या त्या भूकंपाच्या आधीपासूनच. १९४९मध्ये हैदराबाद संस्थानातल्या जहागिऱ्या गेल्या, पुढं वतनंही गेली आणि डागडुजीचे हात थांबले. जहागिऱ्या-वतनं जायलाच हवी होती; या भिंतींत वेठबिगारीही कालवलेली आहे. मग बुरुजांची माती शेतांत गेली, कोरीव खांब विकले गेले. टॅटरशॉलच्या दगडी शेकोट्याही अशाच उखडून विकल्या होत्या. १९११मध्ये लॉर्ड कर्झननं ती वास्तू विकत घेतली, शेकोट्या परत आणल्या, आणि १९१३मध्ये ब्रिटनमध्ये स्मारकरक्षणाचा कडक कायदा झाला. महाराष्ट्रातही १९६०चा कायदा आहे, पण वास्तू संरक्षित म्हणून जाहीर झाली तरच तो तिच्या कामाचा. गढ्या बहुतेक खाजगी, भाऊबंदकीत अडकलेल्या. संरक्षित वास्तूंच्या यादीची वाट पाहण्याआधी, ज्यांच्या वाट्याला गढीचा एखादा खण आला असेल त्यांनी मृगाआधी माळवदावरचं गवत उपटावं, जुनी माती खरवडावी आणि पन्हळ मोकळी करावी.